संध्याकाळी साडेसहाचं रडं

सिलतऱ्यात सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोट फिरवलं तर बोट काळं होतं. रायपूर–बिलासपूर रस्त्यावरचा हा पट्टा स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिलांचा, त्यामुळे घरात काहीही बिनसलं की पहिला संशय धुरावर जातो. माझ्या भाचीचं अठरा दिवसांचं बाळ एका संध्याकाळी साडेसहाला किंचाळायला लागलं तेव्हाही तसंच झालं. जावईबापू बदलीच्या अर्जाचं बोलू लागले. बाळंतपणासाठी वर्ध्याहून आलेल्या माझ्या बहिणीचा संशय आदल्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीवर. शेजारच्या छत्तीसगढी बाईंनी मीठ-मोहरीशिवाय काही खरं नाही असा निकाल दिला. तोवर हेच पोर दूध पिऊन गुपचूप झोपत होतं. आता मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी ओढलेले, चेहरा लालबुंद, आणि दूध दिलं तरी तोंड फिरवणं.

तिन्ही संशयित बहुधा निर्दोष होते. (धूर या एका आरोपातून सुटला, एवढंच. फुप्फुसांचा हिशेब निराळा आहे.) खरा गुन्हेगार कॅलेंडर.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी 80 बाळांच्या आयांना रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवायला सांगितल्या आणि 1962 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यात साधारण बाळ दिवसाला पावणेदोन तास रडत होतं. सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास. तिथून पुढे उतार, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शांतता. रडण्याचा जोर बहुतेक दिवेलागणीनंतर. पुढच्या अभ्यासांत तासांचे आकडे कमीजास्त झाले, पण पहिल्या दीड महिन्यात जास्त आणि तीन महिन्यांकडे कमी ही चाल टिकली. सगळ्यात बोलकी गोष्ट अपुऱ्या दिवसांच्या बाळांची. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं रडं जन्मापासून सहाव्या आठवड्यात नाही, तर ठरलेल्या तारखेपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं. म्हणजे हे घड्याळ मेंदूच्या वाढीचं आहे. आईने काल काय खाल्लं याची त्याला फारशी फिकीर नाही.

मग पोटात गॅस होतो तो? होतो ना. पण रडताना बाळ हवा गिळतं, आणि तीच मग खालून बाहेर पडते. आपण क्रम उलटा लावतो. 1954 मध्ये येल विद्यापीठाच्या मॉरिस वेसल यांनी व्याख्या केली: दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणारं, एरवी धडधाकट बाळ म्हणजे ‘कॉलिक’चं बाळ. या व्याख्येत पोटाचा उल्लेखच नाही. मराठीत आपण त्याला पोटशूळ म्हणतो आणि नावातच निदान उरकून टाकतो.

औषधांचं श्रेय कसं जमतं तेही यातच आहे. रडं शिगेला पोचलं की घरातलं कोणी ना कोणी हटून काहीतरी देतं, आणि पुढच्या आठवड्यात ते तसंही उतरणारच असतं. माझ्या बहिणीच्या बटव्यात मुरुडशेंग होती. पिळवटलेली शेंग, म्हणून पोटातल्या पिळावर गुणकारी, हा तर्क ऐकायला गोड आहे. पण बटव्यात वेखंडही होतं, ज्यात बीटा-असारोन नावाचं विषारी द्रव्य असतं, आणि गुटी चाटवायला मध काढून ठेवला होता. मधातून बोटुलिझमचे बीजाणू पोटात जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या मुलाला मधाचं बोटही नको. मी मामा असलो तरी सहाण उचलून वर ठेवली. बहीण दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. दुकानातले थेंबही साळसूद नाहीत. सिमेथिकोन निरुपद्रवी, पण चाचण्यांत नुसत्या पाण्यासारख्या थेंबांपेक्षा सरस ठरलेलं नाही. डायसायक्लोमिन मात्र सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊच नये, श्वास अडकू शकतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात ती यासाठी.

मग करायचं काय? कलहारी वाळवंटातले कुंग सान लोक बाळाला जवळजवळ दिवसभर अंगावर वागवतात आणि कुं केलं की पाजतात. त्यांची बाळं रडतच नसतील असं वाटत होतं. रोनाल्ड बार आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडलेला हिशेब मजेशीर निघाला. ती बाळंही पाश्चात्त्य बाळांइतक्याच वेळा रडायला लागतात, पहिल्या तीन महिन्यांत चढउतारही तोच. पण प्रत्येक वेळचं रडणं त्या बाळांच्या निम्म्यात आटोपतं. रडं येणं आपल्या हातात नाही, लांबवणं न लांबवणं थोडंफार आहे.

उचलून घेतल्यावर काय होतं हे जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटाने मोजलं. 2022 च्या प्रयोगात 21 बाळं होती. रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून आईने पाच मिनिटं, न थांबता, सपाट जागी चालायचं. नुसतं मांडीवर घेऊन बसल्याने ही किमया होत नव्हती. चालू लागल्यावर हृदयाचे ठोके उतरत गेले आणि निम्म्याच्या आसपास बाळं झोपली. मग आयांना ठाऊक असलेला तो क्षण: खाली ठेवलं की डोळे टक्क उघडे. तिसरा हिस्सा बाळं अशी जागी झाली. ठोक्यांची नोंद पाहिली तर चाहूल पाठ गादीला टेकण्याआधीच, आईच्या अंगापासून सुटताना लागत होती. जी बाळं आधी जास्त वेळ झोपलेली होती ती ठेवल्यावरही झोपून राहिली. म्हणून कुरोदांचा सल्ला असा की झोप लागल्यावर बाळाला घेऊन पाच ते आठ मिनिटं बसून राहा, मग ठेवा. आमच्याकडे भाची दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालू लागली आणि बहीण घड्याळ घेऊन बसली. तिचा अबोला तिथेच सुटला.

आवाजाचंही तसंच. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात एकसुरी खरखर ऐकवलेल्या 20 नवजात बाळांपैकी 16 पाच मिनिटांत झोपली. ज्यांना ऐकवली नाही त्या 20 पैकी फक्त 5. आईच्या पोटातही शांतता नसते, रक्ताचा घोष असतो. सिलतऱ्यात आमचं बाळ पंख्याच्या घरघरीत झोपे आणि वीज गेली की त्या शांततेने दचकून उठे. मात्र मोबाइलवर ‘झोपेचा आवाज’ लावून तो उशाशी ठेवू नये. बाळांना झोपवण्यासाठी असा आवाज काढणाऱ्या, 2014 मध्ये तपासलेल्या 14 यंत्रांपैकी काहींचा आवाज फूटभर अंतरावर 85 डेसिबलच्या वर गेला होता.

आणि काहीच चाललं नाही, डोकं फिरायला लागलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं बाहेर जाऊन यावं. त्याला रागाने हलवू नये. गदगदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

पण रडं कधी धोक्याचं समजायचं? इथे गडचिरोलीची आठवण काढायला हवी. छत्तीसगढची सीमा तिला लागूनच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आला, हे ‘लॅन्सेट’मध्ये 1999 मध्ये छापून आलं. जंतुसंसर्ग ओळखायला त्यांनी सात खुणा ठरवल्या, त्यांतली एक अशी: आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण होणं किंवा थांबणं. सोबतीला दूध ओढणं मंदावणं, मलूल होणं, अंग तापणं किंवा गार पडणं, सारखी उलटी किंवा पोट फुगणं, बेंबीत पू, छाती आत ओढली जाणं. दोन खुणा एकत्र दिसल्या की उपचार. तीन महिन्यांच्या आत 100.4 फॅरनहाइट ताप असेल तर एकटा तापही दवाखान्यात जायला पुरे. अचानक किंचाळणाऱ्या बाळाच्या हातापायाची बोटंही पाहावीत, आईचा गळलेला केस बोटाभोवती आवळलेला असतो कधी.

गडचिरोलीतून देशभर गेलेल्या या पद्धतीने एकविसाव्या दिवशी आमच्याकडे मितानिन, म्हणजे छत्तीसगढची आरोग्यदूत, आली. बाळ टाहो फोडत होतं, आम्ही तिघंचौघं ओशाळलो. तिला काहीच वाटलं नाही. ‘‘लइका बने दूध पियत हे?’’ बाळ नीट दूध पितंय ना, असं तिने विचारलं, बेंबी पाहिली, बोटं पाहिली, थर्मामीटर काखेत धरला. मग काट्याच्या झोळीत घालून उचललं. जन्माचं वजन दोन किलो नऊशे, आता तीन किलो चारशे. झोळी हवेत दोन-तीनदा हेलकावली आणि पोर गप्प झालं, डोळे मिटायला लागले. वजन लिहून घ्यायला तिने ते भाचीच्या हातात दिलं, तसं पुन्हा सुरू.