सरकीचे मोल

मयूर विहारमधील घरांत सकाळ उजाडते ती दुधाच्या पिशवीने. लगतच्या पटपडगंज येथे 1974 पासून मदर डेअरीचा प्रकल्प आहे आणि पलीकडे गाझीपूरची गोठ्यांची वसाहत आहे. उत्तर भारतातील गोठ्यांत म्हशींपुढे 'बिनौला' आणि 'खल' या नावांनी जे खाद्य पडते, त्याला विदर्भात सरकी आणि ढेप म्हणतात. दुधाला दाटपणा येण्यात या खाद्याचा वाटा मोठा असतो. राजधानीतील दुधाचा पेला आणि यवतमाळच्या काळ्या जमिनीतील कापूस यांचे नाते असे आहे. ग्राहकाला ते सहसा जाणवत नाही.

कापूस म्हटला की शुभ्र रुई डोळ्यांपुढे येते. वजनाचा हिशेब मात्र वेगळेच सांगतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला असता सुमारे 34 किलो रुई मिळते, दोनएक किलो घट येते आणि उरलेली 64 किलो सरकी असते. शेतकऱ्याच्या गाडीतून बाजारात जाणाऱ्या मालाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग असा बियांचाच असतो. पाच क्विंटल कापसापासून 170 किलोची एक गाठ बांधली जाते, हा जिनिंग व्यवसायातील नेहमीचा ठोकताळाही याच उताऱ्यावर बसविलेला आहे.

शेतकरी सरकी वेगळी विकत नाही. तो कापूस विकतो; रुई आणि सरकी यांची विक्री जिनिंगचालक करतो. परंतु खरेदीचा भाव ठरविताना व्यापारी दोन्हींची किंमत धरतो आणि त्यातून आपला खर्च व नफा वजा करतो. उदाहरणादाखल, सरकीचा भाव क्विंटलमागे 500 रुपयांनी उतरला असे समजू. 64 किलो सरकीचे 320 रुपये कमी झाले, म्हणजे कापसाच्या प्रत्येक क्विंटलमागे तेवढाच भार पडला. वीस क्विंटल कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे यात 6,400 रुपये जातात. रुईचे भाव स्थिर असतानाही कापूस का उतरला, याचे उत्तर पुष्कळदा सरकीच्या बाजारात सापडते.

हमीभाव येथे आधाराला येतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,710 आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये जाहीर केले. ही खरेदी 1970 मध्ये स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ करते. महाराष्ट्रात 1972 पासून सुमारे तीन दशके एकाधिकार खरेदी योजना होती. त्या व्यवस्थेत व्यापारी जोखीम शासनाच्या अंगावर होती आणि तोटा वाढत गेल्यावर ती टिकली नाही. आज खुल्या बाजारातील चढउताराचा पहिला फटका उत्पादकालाच बसतो.

तेल आणि ढेप

कच्चे सरकी तेल गडद तांबूस-काळपट असते. त्यात गॉसिपॉल नावाचे विषारी रंगद्रव्य असते. अल्कलीची प्रक्रिया करून ते काढून टाकल्यावरच तेल खाण्यायोग्य होते. कापसाचे झाड किडींपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी हे द्रव्य तयार करते. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावरांना ते बऱ्याच अंशी पचते, कोंबड्या व डुकरांना पचत नाही. सरकी गाईम्हशींच्याच वाट्याला का आली, हे यावरून कळते. शुद्ध केलेल्या तेलाला स्वतःची उग्र चव नसते. गुजरातेत 'कपासिया' तेलावर फरसाण तळले जाते ते याच गुणामुळे. अमेरिकेत 1911 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने 'क्रिस्को' हे वनस्पती तूप बाजारात आणले, तेही सरकीच्याच तेलापासून. पश्चिम आफ्रिकेतील माली व बुर्किना फासो या देशांत तर हे घरोघरचे तेल आहे.

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. अशा देशाने सरकीतील थेंबन् थेंब काढून घ्यावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य गिरण्यांत सरकी टरफलासकट गाळली जाते आणि बरेचसे तेल ढेपेतच राहते. आधी आखूड तंतू व टरफल काढून, मग द्रावकाच्या साह्याने तेल काढल्यास उतारा लक्षणीय वाढतो. मग गिरणीमालक तसे का करीत नाहीत? कारण यंत्रसामग्रीला भांडवल लागते आणि पशुपालकाला तेलकट ढेपच हवी असते. त्याच्या दृष्टीने ढेपेतील तेल वाया जात नाही, ते दुधाच्या फॅटमध्ये उतरते. गिरणीचा नफाही ढेपेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. वायदेबाजारात सरकी ढेपेच्या सौद्यासाठी अकोला हे आधारकेंद्र मानले गेले, यावरून तिचे महत्त्व दिसते.

तेलाच्या भावावर आयात शुल्काची छाया असते. कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क सप्टेंबर 2024 मध्ये 20 टक्के करण्यात आले आणि मे 2025 च्या अखेरीस ते 10 टक्क्यांवर आणले गेले. शहरी गृहिणीला या कपातीने दिलासा मिळतो, पण सरकी तेलाला स्वस्त पाम तेलाशी टक्कर द्यावी लागते. एकाच निर्णयाचे मयूर विहार आणि वणी येथील परिणाम भिन्न असतात.

साठवण आणि अळी

ओलसर सरकीचा ढीग आतून तापतो, त्यातील मुक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढते आणि तेल काळवंडते. म्हणून तारणावर कर्ज देताना मालाची ओल पाहणे हे गोदामाची कुलपे पाहण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. दुसरा धोका गुलाबी बोंडअळीचा आहे. ही अळी बोंडात शिरून थेट सरकीच खाते. त्यामुळे रुई डागाळते आणि तेलही घटते. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्याने हा तडाखा सोसला. हंगाम संपल्यावर जिनिंगच्या आवारात पडून राहिलेल्या सरकीत अळ्या सुप्तावस्थेत तग धरतात आणि तेथून आसपासच्या शेतांत पतंग पसरतात. म्हणूनच जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावण्याचा आणि शिल्लक सरकीची लवकर विल्हेवाट लावण्याचा सल्ला कृषी विभाग देतो. सापळ्यांचा खर्च फारसा नसतो. शिल्लक सरकी चांगल्या भावाच्या आशेने पावसाळ्यापर्यंत ठेवण्याचा मोह आवरणे अधिक कठीण असते.