कपाळाच्या कातडीचे नाक

चेहऱ्याच्या कातडीत रक्त भरपूर खेळते. दाढी करताना एवढीशी चीर पडली तरी रक्त लवकर थांबत नाही आणि तीच जखम चार दिवसांत भरूनही येते, ते याच कारणाने. चेहऱ्यावरच्या सगळ्या शस्त्रक्रिया या एका गोष्टीवर उभ्या आहेत. कापलेले नाक नव्याने घडवणे असो, दुभंगलेला ओठ जोडणे असो, कर्करोगात काढलेला जबडा पुन्हा उभा करणे असो किंवा सैल पडलेली कातडी ताणून बसवणे असो, जो भाग जागचा हलवायचा त्याचा रक्तपुरवठा तुटू न देणे हीच सर्जनची पहिली काळजी असते. हलवलेला भाग जिवंत राहिला तर पुढचे सगळे शक्य होते. तो काळा पडला तर सगळी मेहनत वाया जाते.

या शस्त्रक्रियांचे दोन गट मानतात. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा जन्मजात दोष यांनी बिघडलेला चेहरा पूर्ववत करणे ही पुनर्रचना, तर निरोगी चेहरा अधिक देखणा करणे ही सौंदर्यशस्त्रक्रिया. प्रत्यक्षात ही सीमा धूसर आहे. नवे नाक श्वास घेऊ देत असेल, पण पाहणाऱ्याची नजर त्यावरच अडखळत असेल, तर रुग्णाचे काम अर्धेच झालेले असते. उलट देखणेपणासाठी नाकाचे वाकडे हाड सरळ करताना आतला पडदा सरळ झाला की श्वासही मोकळा होतो. हात तेच, हत्यारे तीच आणि शरीररचनेचे ज्ञानही तेच.

जुन्या काळी नाक कापणे ही शिक्षा होती आणि सूड उगवण्याची रीतही होती. म्हणूनच नाक परत बसवण्याची विद्या भारतात फार लवकर विकसित झाली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, फाटलेली कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत आणि त्यालगत नाकाची कृतीही आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यायचे, त्या मापाची गालाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून सोलायची, ती नाकाच्या खरवडलेल्या जागेवर बसवायची, नाकपुड्या खुल्या राहाव्यात म्हणून दोन नळ्या घालायच्या आणि वर औषधी चूर्ण टाकून तिळाच्या तेलात भिजवलेला कापूस ठेवायचा. माप, देठ, नळ्या, मलमपट्टी असा सगळा क्रम त्यात आहे.

या विद्येची युरोपला नीट ओळख झाली ती मात्र पुण्यामुळे. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यातल्या तिसऱ्या युद्धात, १७९२ साली, इंग्रजी फौजेचा एक बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आहे आणि तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे लिहिले आहे. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा करणाऱ्या जातीतल्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स हा चित्रकार तेव्हा इकडेच होता. त्याने जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्र आणि शस्त्रक्रियेची माहिती देणारे पत्र छापून आले.

पत्रातली कृती मुंबई इलाख्यातले थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकाच्या बुडख्यावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोलून काढायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी न कापता राखायची. मग बुडख्यावरचा जुना व्रण तासायचा, नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत खाच पाडायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस दुसरे काही नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे आणि सुमारे तीन आठवड्यांनी डोळ्यांमधली ती पट्टी कापायची.

सगळे मर्म त्या चिंचोळ्या पट्टीत आहे. कातडीचा तुकडा पूर्ण सुटा करून दुसरीकडे लावला तर पहिले काही दिवस तो खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावरच जगतो. त्यामुळे तो फार पातळ असावा लागतो आणि पुढे आक्रसतो. नाकासारखा उंच, जाड अवयव तशा तुकड्यातून उभा राहत नाही. पट्टी राखली की तिच्यातून रक्त वाहत राहते. कोकणात हापूसचे भेट कलम बांधतात तेव्हाही फांदी आईझाडापासून लगेच तोडत नाहीत. रोपाशी तिचा सांधा जुळला की मगच कापतात. तीन आठवड्यांत नव्या जागेतल्या रक्तवाहिन्या कातडीत शिरतात आणि मग देठाची गरज उरत नाही. या राखलेल्या देठासकट हलवलेल्या कातडीला आज सर्जन फ्लॅप म्हणतात.

इटलीतल्या बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोझी याने १५९७ मध्ये नाक बसवण्यावर मोठा ग्रंथ छापला होता. पण त्याची कातडी दंडावरची होती. हात डोक्याशी बांधून रुग्णाला जवळपास तीन आठवडे अवघडून राहावे लागे आणि दंडाच्या कातडीचा पोत चेहऱ्याशी जुळत नसे. कपाळाची कातडी रंगाने, जाडीने नाकाच्या जवळची आणि हाताशी असलेली. पुण्याची रीत श्रेष्ठ होती, आणि लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने ते ओळखले. त्याने मृतदेहांवर सराव केला, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हा भूल नव्हती. ईथरची भूल १८४६ मध्ये आली. पुढे जर्मनीत ग्रेफे आणि डिफेनबाख यांनी हे शास्त्र वाढवले. इकडे जुनागढचे त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी १८८९ मध्ये नाकाच्या शंभर रुग्णांची माहिती पुस्तकरूपाने दिली. क्रूसो, फिंडले, वेल्स, कार्प्यू सगळ्यांची नावे इतिहासात राहिली. ज्याच्या हातात कला होती त्या कारागिराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही, ही या कथेतली मोठी उणीव आहे.

कपाळाचा फ्लॅप आजही नाकाच्या मोठ्या पुनर्रचनेत पहिल्या पसंतीचा आहे. एक फरक असा, की आता पट्टी कपाळाच्या नेमक्या मधोमध न घेता एका बाजूला, भुवईच्या आतल्या टोकापाशी घेतात. तिथून एक ठरावीक रक्तवाहिनी कपाळावर चढते. तिच्या भरवशावर देठ जेमतेम दीड सेंटीमीटर रुंद ठेवला तरी चालतो, आणि अरुंद असल्याने तो सहज वळतो. देठ कापण्याची वेळ अजूनही तिसऱ्या आठवड्याच्या आसपासचीच आहे. वरच्या बाजूला कपाळाची जखम शिवता आली नाही तर ती तशीच उघडी ठेवतात. ती काही आठवड्यांत आपोआप आणि बरीच चांगली भरते.

जुन्या पद्धतीत उणीव होती ती आतल्या बाजूची. नाकाला तीन थर असतात. बाहेर कातडी, मध्ये हाड आणि कूर्चा, आत ओलसर अस्तर. नुसती कातडी वळवून केलेले नाक पहिल्यांदा छान दिसते, पण अस्तर नसल्याने आतून आक्रसते आणि आधार नसल्याने बसते. म्हणून आता आधी अस्तर तयार करतात, कानाची किंवा बरगडीची कूर्चा कोरून सांगाडा उभा करतात आणि वर कपाळाची कातडी घालतात. बर्गेट आणि मेनिक या अमेरिकी सर्जनांनी १९८५ मध्ये नाकाचे नऊ उपविभाग कल्पून सांगितले, की एखाद्या उपविभागाचा निम्म्याहून जास्त भाग गेला असेल तर उरलेलाही काढून तो पूर्ण नवा करावा. व्रण मग उजेड आणि सावलीच्या नैसर्गिक सीमेवर पडतो आणि डोळ्यांना खुपत नाही. चांगले मांस मुद्दाम काढणे विचित्र वाटते, पण निकाल पाहिल्यावर पटते.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे तोफगोळ्यांनी उडाले. हॅरल्ड गिलीज याने इंग्लंडमध्ये सिडकप येथे अशा पाच हजारांहून जास्त सैनिकांवर उपचार केले. १९१७ मध्ये त्याने कातडीच्या लांब पट्टीच्या कडा एकमेकींना शिवून तिची नळी केली. नळीत उघडी जखम राहत नाही म्हणून जंतुसंसर्ग कमी झाला. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

याच गिलीजकडे शिकलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि आपले कौशल्य कुष्ठरुग्णांसाठी वापरले. कुष्ठरोगात नाकाच्या आतली कूर्चा आणि अस्तर नष्ट होते आणि नाक खोगिरासारखे बसते. भुवया झडतात. औषधांनी रोग पूर्ण बरा झाला, संसर्गाची भीती संपली, तरी चेहरा रोगाची ग्वाही देत राहतो. घरात, गावात, कामावर माणसाला कोणी जवळ करत नाही. नाकात नवे अस्तर घालून ते उचलणे, डोक्याची केसाळ कातडी आणून भुवया करणे या शस्त्रक्रियांना कोणी सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणेल. त्या माणसासाठी मात्र ती समाजात परत येण्याची वाट असते.

महाराष्ट्रात चेहऱ्याच्या पुनर्रचनेचे मोठे कारण आज तंबाखू आणि गुटखा हे आहे. तोंडाच्या कर्करोगात गालाचा किंवा खालच्या जबड्याचा भाग काढावा लागतो. जबडा नुसता काढला तर हनुवटी आत जाते, लाळ गळते, चावता-बोलता येत नाही. १९७९ पासून छातीचा स्नायू कातडीसह वर वळवून ही पोकळी भरतात. ही पद्धत कमी खर्चाची आणि भरवशाची आहे, म्हणून आपल्याकडे अजून भरपूर वापरात आहे. जबड्याच्या हाडासाठी मात्र पायातले बारीक हाड, फिब्युला, तिच्या रक्तवाहिन्यांसह सुटी करून आणतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून पट्ट्यांनी बसवतात आणि एक ते तीन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. पायाचे वजन मुख्यतः दुसरे हाड पेलते, म्हणून रुग्ण नंतर नीट चालू शकतो. पुढे त्या हाडात दातही बसवता येतात. पहिले काही दिवस परिचारिका ठरावीक वेळाने नव्या कातडीचा रंग आणि ऊब तपासतात. गुठळी झाल्याचे लगेच कळले तर पुन्हा उघडून भाग वाचवता येतो.

दुभंगलेला ओठ आणि टाळू हे दोष गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत चेहऱ्याचे भाग एकमेकांना न जुळल्याने होतात. ग्रहणात आईने सुरी हातात घेतल्याने ओठ फाटतो, ही समजूत निराधार आहे. तिने आईच्या वाट्याला विनाकारण दोष येतो. ओठ साधारण तिसऱ्या महिन्यात जोडतात. टाळू बाळ बोलू लागण्याच्या आसपास, बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या आत जोडतात, म्हणजे उच्चार सुधारतात. ओठ जोडून काम संपत नाही. कान, दात, बोलणे यांकडे अनेक वर्षे लक्ष द्यावे लागते.

भाजलेल्या चेहऱ्यात घाई डोळ्यांची असते. पापणी आक्रसून उघडी राहिली तर बुबुळ कोरडे पडून नजर जाते, म्हणून ती आधी सोडवतात. बाकीचा व्रण मऊ व्हायला साधारण वर्ष जाते आणि तोवर दाबपट्टी, मालिश, उन्हापासून जपणे चालू ठेवावे लागते. ॲसिड पडल्यास पहिला उपाय म्हणजे ताबडतोब, खूप वेळ, भरपूर साध्या पाण्याने धुणे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशानुसार अशा रुग्णांवर खासगी रुग्णालयांनीही मोफत उपचार करायचे आहेत आणि त्यात पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही येतात.

निव्वळ देखणेपणासाठीच्या शस्त्रक्रियांत नाक, पापण्या आणि चेहरा ताणणे या प्रमुख आहेत. चेहरा ताणताना नुसती कातडी ओढली तर तो लवकर पुन्हा ढिला पडतो आणि ओढल्यासारखा दिसतो. म्हणून कातडीखालचा स्नायूंचा पडदा उचलून बसवतात. त्याच पडद्याखालून चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा जातात. एक दुखावली तरी भुवई किंवा ओठाची कड हलेनाशी होऊ शकते. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकते, त्यामुळे महिन्याभरात निकाल मागू नये. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. फिलरची सुई सोपी वाटते, पण ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर कातडी मरते आणि क्वचित दृष्टीही जाते. ते विरघळवणारे औषध हाताशी नसेल तिथे फिलर टोचून घेऊ नये.

चेहऱ्यावर सुरी चालवून घेण्याआधी समोरच्या डॉक्टरची पदवी विचारावी. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही त्या विषयाची पदवी आहे. शस्त्रक्रिया कुठे होणार, भूल कोण देणार, काही बिघडले तर पुढे काय करणार, हेही विचारावे. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा घरी येऊन सुई टोचणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा. आणि शेजारीपाजारी ओठ किंवा टाळू दुभंगलेले मूल असेल तर त्याच्या आईला सांगावे, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत होते. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात आजच चौकशी करावी.