ट्रॅक्टर जुना की नवा : महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या पसंतीचा मागोवा

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने नवे यंत्र डोळे झाकून क्वचितच घेतले आणि कायमचे नाकारलेही क्वचितच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर बनवायला घेतला, तेव्हा लोखंड लागले की जमीन विषारी होते असा समज पसरलेला होता. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. 1910 मध्ये त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे तोच नांगर दख्खनच्या काळ्या जमिनीत इतका रुळला की लाकडी नांगर ही जुनी वस्तू ठरली. हा बदल वादविवादातून झाला नाही. हरळी आणि कुंद्याने धरलेले शेजारचे रान लोखंडी फाळाने साफ झालेले दिसले, आणि विषाचे बोलणे मागे पडले. पुढे ट्रॅक्टरच्या बाबतीतही कसोटी शेजारच्या रानाचीच राहिली.

ट्रॅक्टर प्रथम दिसला तो सरकारी कामावर. फाळणीनंतर धान्याची टंचाई होती आणि मध्य भारतात लाखो एकर जमीन कांस गवताखाली पडून होती. ती मोडण्यासाठी 1947 मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. तिने दुसऱ्या महायुद्धातून उरलेली यंत्रे वापरली, आणि 1949 मध्ये जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारताला कर्ज दिले. पट्ट्यांवर चालणारे ते अवजड ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या मालकीचे नव्हते आणि तशी कल्पनाही कोणी केली नव्हती. चाकांचे परदेशी ट्रॅक्टर मोठ्या बागायतदारांकडे आणि साखर कारखान्यांच्या मळ्यांवर आले. या काळातले आक्षेप दोन होते. ट्रॅक्टरच्या वजनाने जमीन दबते, हा पहिला. ट्रॅक्टर शेण देत नाही, हा दुसरा. दोन्हींकडे अडाणीपणा म्हणून पाहिले गेले. पुढच्या सत्तर वर्षांचा अनुभव पाहता दोन्ही आक्षेप बऱ्यापैकी बरोबर होते असे म्हणावे लागते. शेतकऱ्याने ते सोडून दिले नाहीत. सोयीपुढे बाजूला ठेवले.

देशात ट्रॅक्टर बनू लागला तो 1959 मध्ये, फरिदाबादच्या आयशर कारखान्यात. नंतर मद्रासकडचा मॅसी फर्ग्युसन आला, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने मुंबईत कांदिवलीला बनणारा महिंद्राचा बी-275 आला, झेकोस्लोव्हाक झेटरच्या आधाराने एचएमटी आला, एस्कॉर्ट्सचा फोर्ड आला. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी संशोधन संस्थेत आखलेला स्वराज 1974 मध्ये पंजाबात बनू लागला. परदेशी नकाशा न घेता उभा राहिलेला तो पहिला मोठा देशी ट्रॅक्टर. मागणी उत्पादनाच्या कितीतरी पुढे होती. 1971 मध्ये सरकारला ट्रॅक्टरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढावा लागला. पैसे भरून नंबर लागण्याची वाट पाहायची आणि ज्या कंपनीचा येईल तो घ्यायचा, अशी स्थिती होती. जुना बरा की नवा, हा प्रश्न त्या काळात पडतच नव्हता. घराण्यात भूविकास बँकेचे कर्ज काढून आलेला पहिला ट्रॅक्टर दसऱ्याला पूजला जाई आणि पोळ्याला बैलांच्या जोडीला उभा केला जाई.

याच पिढीच्या ट्रॅक्टरांना आज ‘जुना’ म्हणतात, आणि त्यांची कीर्ती कशावर उभी आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजत नाही. त्यांत इलेक्ट्रॉनिक काहीच नव्हते. डिझेल पंप, नोझल, पिस्टन-लायनर, क्रँक, क्लच प्लेट, गिअर आणि मागची लिफ्ट, एवढा सगळा कारभार. आयशरच्या लहान ट्रॅक्टरला एकच सिलिंडर, तोही हवेने थंड होणारा. रेडिएटर नाही, म्हणजे पाणी आटण्याची चिंता नाही. बॅटरी उतरली तर उतारावरून सोडून किंवा चार माणसांनी धक्का मारून इंजिन चालू करता येई. म्हणून वस्तीवर ट्रॅक्टर नेहमी उताराला तोंड करून उभा असे. डिझेलमध्ये हवा शिरली तर पान्याने नट सैल करून एअर काढण्याचे काम घरातला पोरगाही शिके.

खरे बळ मात्र गावच्या मिस्त्रीचे होते. तालुक्याच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या या माणसाने शिक्षण कुठल्या संस्थेत घेतलेले नसे. इंजिनचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते तो सांगे. ‘हाफ इंजिन’ म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा बदलणे. ‘फुल इंजिन’ म्हणजे क्रँकसकट सगळे उतरवणे. दोन्ही कामे तो दोन-तीन दिवसांत करी, पैसे सुगी झाल्यावर घेई, आणि सुटे भाग लुधियाना-राजकोटच्या कारखान्यांतून तालुक्याच्या दुकानात आलेले असत. मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडणे म्हणजे हंगामच हातचा जाणे. मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू पट्ट्यात पेरणीला वाफसा चार-सहा दिवसांचा मिळतो. त्या चार दिवसांत यंत्र दुरुस्त होईल का, हाच प्रश्न शेतकऱ्याने प्रत्येक ट्रॅक्टरला विचारला. लिटरमागे किती चालतो, किती अश्वशक्तीचा आहे, हे प्रश्न त्याच्यानंतरचे. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या संस्थेत 1950 च्या दशकापासून ट्रॅक्टरची रीतसर चाचणी होत आली आहे. तिचा अहवाल वाचून ट्रॅक्टर घेणारा शेतकरी मात्र क्वचितच सापडेल. मिस्त्रीने ‘हा घ्या’ म्हटले की पुरे.

म्हणूनच कंपनी बंद झाली तरी तिचे ट्रॅक्टर बाद झाले नाहीत. फोर्डचे नाव भारतीय ट्रॅक्टरवरून गेले, पण त्याच्या 3600 या मॉडेलची विचारपूस थांबली नाही. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतरही त्याची 3511 आणि 5911 ही मॉडेले रानात दिसत राहिली. ओतीव लोखंडाचे जड सांगाडे हा या जुन्या ट्रॅक्टरांचा आणखी एक गुण मानला जातो. जड ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना पुढून उचलत नाही. हलक्या नव्या ट्रॅक्टरला पुढे वजने लावावी लागतात, मागच्या टायरांत पाणी भरावे लागते.

नव्वदच्या दशकानंतर चित्र पालटले. परदेशी आणि देशी नव्या कंपन्या उतरल्या. पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना आला. टंचाई संपली होती. आता विक्रेताच दारात येऊन हप्ते बांधून देऊ लागला. पॉवर स्टिअरिंग, तेलातले ब्रेक, बाजूला असलेले गिअर, दुहेरी क्लच या गोष्टी शेतकऱ्याने तक्रार न करता घेतल्या. जुन्या ट्रॅक्टरवर दिवसभर नांगरट केली की खांदे भरून येत आणि रात्री ताटातला घास उचलवत नसे. हे ज्याने भोगले त्याला पॉवर स्टिअरिंगचे महत्त्व पटवावे लागले नाही. ड्रायव्हरही निवड करू लागले. चांगला ड्रायव्हर जुन्या ट्रॅक्टरवर बसायला तयार होईना, आणि हंगामात ड्रायव्हर मिळणे हे ट्रॅक्टर मिळण्याहून अवघड झाले होते. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलच्या दरावरचे नियंत्रण उठले आणि तेल कमी खाणाऱ्या नव्या इंजिनाचे महत्त्व वाढले.

तरीही जुन्या ट्रॅक्टरचा बाजार मोडला नाही, उलट वाढला. त्याचे कारण जमिनीच्या तुकड्यांत आहे. महाराष्ट्रात 1970-71 मध्ये सरासरी वहिती 4.28 हेक्टर होती. 2015-16 च्या कृषी गणनेत ती 1.34 हेक्टरवर आली. ट्रॅक्टर परवडण्यासाठी वर्षाला सुमारे हजार तास काम मिळावे, असा बँकांच्या कर्जहिशेबातला जुना ठोकताळा. तीन एकरांच्या रानात त्याचा दहावा हिस्साही भरत नाही. अशा शेतकऱ्यापुढे वाटा दोन-तीनच राहतात. भाड्याने नांगरट करून घ्यावी, किंवा नवा घेऊन स्वतःच भाड्याने फिरावे आणि ऊसवाहतुकीच्या पट्ट्यात कारखान्याशी करार करून हप्ते भागवावेत. नाहीतर वीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर रोख पैशांत घ्यावा आणि स्वतःपुरता वापरावा. रोख घेतलेला ट्रॅक्टर उभा राहिला तरी व्याज खात नाही. दुष्काळाच्या वर्षी हा फरक जीवघेणा ठरतो: हप्ते थकलेले नवे ट्रॅक्टर फायनान्स कंपन्यांनी ओढून नेले आणि लिलावात काढले, आणि तेच दुसऱ्या कुणी तरी निम्म्या किमतीत ‘सेकंड’ म्हणून घेतले. जुन्याची आवड म्हणून जे सांगितले जाते त्यात कर्जाची धास्ती मोठी असते. वाडवडिलांच्या यंत्राविषयीचा जिव्हाळा खोटा नाही, पण तो बहुधा हिशेब बसल्यावर येतो.

लहान जमिनीसाठी वेगळे नवे यंत्रही आले. कोल्हापूर-सांगलीत उसाच्या बांधणीला आणि कोकणात भाताच्या चिखलणीला पॉवर टिलर आधीपासून होता. 2010 नंतर पंधरा-वीस अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर आले आणि नाशिकच्या द्राक्षबागांत ब्लोअर ओढण्यासाठी, कपाशीच्या ओळींत कोळपणीसाठी ते झटकन उचलले गेले. इथे जुन्याशी तुलनाच नव्हती, कारण जुना ट्रॅक्टर बागेच्या ओळीत शिरतच नाही. त्याची स्पर्धा होती बैलाशी, आणि चाऱ्याचे भाव, गडी मिळण्याची मारामार पाहता बैल ती हरला.

अवजारांबाबतची मते अधिक वेळा फिरली. मळणी यंत्राला फारसा विरोध झालाच नाही. अपघातांत हात गेले तरी खळ्यावर पात फिरवण्याकडे कोणी परतले नाही. रोटाव्हेटरची गोष्ट निराळी. एकाच फेरीत माती रव्यासारखी भुसभुशीत करणारे हे अवजार आले तेव्हा नांगर आणि कुळव गोठ्यामागे गंजत पडले. काही वर्षांनी त्याच रानात पाणी मुरेना. वरची चार-पाच इंच माती मोकळी आणि खाली टणक थर, हे कारण ध्यानात आले, आणि पलटी नांगराची खोल नांगरट पुन्हा सुरू झाली; पाठोपाठ सबसॉयलर आला. सोयाबीनच्या पट्ट्यात रुंद वरंबा-सरीचे पेरणी यंत्र कृषी विद्यापीठांनी आणि खात्याने वर्षानुवर्षे सांगितले. ते पसरले पावसाच्या लहरींमुळे: पाणी साचलेल्या रानात शेजाऱ्याच्या वरंब्यावरचे पीक तगलेले दिसले, तेव्हा.

यंत्राच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स शिरल्यावर मात्र जुन्या-नव्याचा वाद खऱ्या अर्थाने तापला. 1 जानेवारी 2023 पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे धूरनियम लागू झाले. ते पाळायचे तर इंजिनात डिझेल संगणकाच्या हुकुमाने, ठरलेल्या दाबाने सोडावे लागते. धुराच्या नळीत शुद्धीकरणाची सोय लागते. ट्रॅक्टर महाग झाला, हा आक्षेप सर्वांचा. मिस्त्रीचा आक्षेप वेगळा आहे. बिघाड शोधायला त्याला आता कान पुरत नाहीत, कंपनीचे उपकरण जोडावे लागते. भेसळीचे किंवा कॅनमध्ये साठवलेले डिझेल जुना पंप पचवी. नवा सेन्सर त्यावर इंजिन मंद करतो. बॅटरी पूर्ण उतरली तर धक्क्याने काम भागत नाही. देशात खपणाऱ्या ट्रॅक्टरांपैकी बहुसंख्य पन्नास अश्वशक्तीच्या आतले आहेत, त्यामुळे सामान्य शेतकऱ्याच्या वाट्याला हा बदल अजून पुरता आलेला नाही. परिणाम इतकाच दिसतो की पन्नासच्या आतला ट्रॅक्टर घेण्याकडे कल वाढला आणि 2023 च्या आधीचे मोठे ट्रॅक्टर जपून ठेवले जाऊ लागले.

अमेरिकेत हीच कुरबुर आधी सुरू झाली होती. तिथल्या मोठ्या शेतकऱ्यांना स्वतःच्या ट्रॅक्टरचे सॉफ्टवेअर उघडता येईना, म्हणून दुरुस्तीच्या हक्काची चळवळ उभी राहिली. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या संघराज्य व्यापार आयोगाने जॉन डिअरविरुद्ध खटला दाखल केला. महाराष्ट्रातला अल्पभूधारक आणि तिथला हजारो एकरांचा मालक यांत दुसरे साम्य शोधणे कठीण आहे.

2020 नंतर विजेवर चालणारा आणि सीएनजीवर चालणारा ट्रॅक्टरही दाखवला गेला. सीएनजीच्या ट्रॅक्टरचे अनावरण केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी 2021 मध्ये केले. रानात चार्जिंग कुठे करायचे आणि गॅस कुठे भरायचा, हे प्रश्न सुटेपर्यंत त्यांच्याविषयी मत बनण्याइतका अनुभव शेतकऱ्याकडे नाही. सरकारचे वजन नव्याच्या पारड्यात आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज मंजूर झाला तर नव्या ट्रॅक्टरला एक ते सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळते, जुन्याला काहीच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या टायरांवरचा आणि सुट्या भागांवरचा करही 18 वरून 5 टक्के झाला, म्हणजे नवा घेणाऱ्याबरोबर जुना सांभाळणाऱ्याचाही खर्च उतरला.