बालकाचे हित आणि न्यायालयाची अधिकारिता

कोलकात्यातील एस्प्लनेड रो वेस्ट या मार्गावर कलकत्ता उच्च न्यायालयाची गॉथिक शैलीची वास्तू उभी आहे. १८६२ मध्ये स्थापन झालेल्या या न्यायालयास १८६५ च्या सनदेच्या सतराव्या खंडाने अज्ञान व्यक्ती व त्यांची मालमत्ता यांविषयी अधिकार दिले. निराधारांचे अंतिम पालकत्व राज्यसंस्थेकडे असते, हे त्यामागील तत्त्व होय. तथापि, संकटग्रस्त बालकाचे प्रकरण सामान्यतः उच्च न्यायालयात सुरू होत नाही.

समजा, नांदेड जिल्ह्यातील दहा वर्षांचा मुलगा एस्प्लनेड परिसरात एकटा आढळला. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३१ नुसार त्याला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष व चार सदस्यांच्या या समितीस प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बालकाकडून कायद्याचे उल्लंघन झाल्याचा आरोप असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते.

येथे मूळ प्रश्न उद्भवतो. आईवडील हजाराहून अधिक किलोमीटर दूर असताना कोलकात्यातील समितीला अधिकार कोठून प्राप्त होतो? तो बालकाच्या तेथील उपस्थितीतून व संरक्षणाच्या निकडीतून प्राप्त होतो. याउलट, पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ नुसार पालकत्वाच्या अर्जासाठी अज्ञान बालकाचे नेहमीचे वास्तव्य निर्णायक ठरते.

समिती कलम ९० अन्वये पालकांना उपस्थित राहण्यास फर्मावू शकते. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला हा प्रवास म्हणजे बुडालेली मजुरी आणि कर्ज. म्हणूनच कलम ९५ महत्त्वाचे आहे. बालकाचे हित साधत असल्यास, मूळ जिल्ह्यातील समितीशी विचारविनिमय करून, बालक व कागदपत्रे तिच्याकडे सोपविता येतात. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया व बालके उत्पन्नाची अट न ठेवता मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत.

समितीच्या बहुतेक आदेशांविरुद्ध कलम १०१ अन्वये ३० दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करता येते. उच्च न्यायालयास कलम १०२ अन्वये पुनरीक्षणाचा अधिकार आहे; मात्र म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याविना कोणाच्याही हितास बाधक आदेश देता येत नाही. बालकाला तातडीने आश्रय देणे आणि त्याच्या गरीब पालकांचे म्हणणे ऐकून घेणे, ही दोन्ही कर्तव्ये कायद्याने एकत्र बांधली आहेत. त्यांपैकी एक जरी सुटले, तरी संरक्षणाच्या नावाखाली कुटुंब तुटण्याचा धोका संभवतो.