ठिणगीला भ्यायचं नाही, पण डोळे सांभाळायचे

शेळ्यांच्या गोठ्याचं फाटक तुटलं की ते गाडीत घालून तालुक्याला न्यावं लागतं. काम थोडंसं, पण दिवस आख्खा जातो. म्हणून बैठकीत विषय निघतो, "आपणच वेल्डिंग शिकलो तर?" शिकता येतं. मीही थोडं शिकले, त्यातलं मूळ सांगते.

मशीनमधून दोन केबली निघतात. एकीचा चिमटा कामाच्या लोखंडाला लावायचा. दुसरीला होल्डर, त्यात रॉड. रॉड लोखंडाला टेकवून किंचित उचलला की मधल्या फटीत ठिणगी धरते. तिच्या उष्णतेनं लोखंडाच्या कडा आणि रॉड वितळून एकजीव होतात. रॉडवरच्या लेपाची जोडावर खपली धरते. थंड झाल्यावर ती हातोडीनं काढायची.

सुरुवातीला एवढं लक्षात ठेवा:

• गंज, रंग घासून काढा. चिमटाही उघड्या लोखंडावरच लावा.
• अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात. नेमका आकडा पाकिटावर असतो.
• काडेपेटीची काडी ओढतो तसा रॉड ओढून पेटवा. चिकटला तर होल्डर हलवून सोडवा.
• फट रॉडच्या जाडीएवढी ठेवा. जास्त झाली की ठिणग्या उडतात, जोड कच्चा राहतो.
• आधी जाड पट्टीवर हात बसवा. पातळ पत्र्याला लगेच भोक पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवशी मी नुसती बाजूला उभी राहून बघत होते, काचेशिवाय. तेव्हा काहीच वाटलं नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, पाणी थांबेना. त्या उजेडानं डोळा भाजतो आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. म्हणून वेल्डिंगची काच करणारीला हवी, तशीच बघणारीलाही. साधा गॉगल चालत नाही. मुलांना जवळ येऊ देऊ नका. असा त्रास झालाच तर डॉक्टरांकडे जा.

कपडे अंगभर आणि सुती घाला, पदर खोचून घ्या. नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. ओल्या जमिनीवर, ओल्या हातानं काम नको. जस्ताचा लेप असलेल्या पाइपाचा धूर छातीत गेला तर थंडीताप येतो, तो लेप आधी काढा आणि काम मोकळ्या हवेत करा.

गटात मशीन घ्यायचा ठराव कराल, तेव्हा काच, चामड्याचे हातमोजे आणि बूट यांचा खर्च आधी लिहा, मशीनची किंमत त्यानंतर. आणि पहिले काही दिवस जाणकाराच्या देखरेखीखालीच शिका.

– तुमची क्षेत्र समन्वयक