वीस सेंटिमीटरच्या आतलं ओरिजिनल

‘माझं काम ओरिजिनल आहे हे ठरवायचं कसं?’ सिनॉप्सिस लिहायला बसलेले ज्युनियर्स भेटले की हा प्रश्न येतोच. तुम्हालाही पडला असेल. आज त्याचं उत्तर मी लोकरीच्या एका चौकोनातून देणार आहे. हसू नका, कारण संशोधनातल्या माझ्या बऱ्याचशा चुका मी आधी सुयांवर करून झाल्या होत्या.

गरजूंसाठी लोकरीची पांघरुणं करण्याची एक पद्धत आहे. प्रत्येकाने घरी एक-एक चौकोन विणायचा आणि कुणीतरी ते सगळे एकत्र शिवायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘निट-अ-स्क्वेअर’चा चौकोन २० सेंमीचा असतो. पाच आडवे, सात उभे असे ३५ जोडले की एका मुलाचं पांघरूण तयार होतं. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉर्म अप अमेरिका’चा तुकडा ७ बाय ९ इंचांचा, आणि असे ४९ तुकडे लागतात. आपल्याकडे चेन्नईत २०१६ मध्ये बायकांनी मीटर-मीटरचे क्रोशाचे चौकोन जोडून जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं पांघरूण केलं होतं. रंग तुमचा, नक्षी तुमची. माप मात्र तुमचं नाही.

नवीन माणसाला हे बंधन वाटतं. मला उलट वाटतं. माप ठरलेलं असलं की तुमचा प्रश्न आपोआप छोटा होतो, आणि छोटा प्रश्न सुटतो.

आता नवेपणाबद्दल. बार्बरा वॉकर यांनी १९६८ पासून विणींचे जाडजूड संग्रह काढले. विणकाम शिकवण्यासाठी त्यांनी ६३ वेगवेगळ्या चौकोनांचं एक पांघरूणही रचलं. ते चाळलं की आपली ‘नवी’ वीण बहुतेक वेळा तिथे आधीच बसलेली सापडते. एलिझाबेथ झिमरमन तर ‘मी शोध लावला’ असं म्हणायच्याच नाहीत. त्यांनी ‘अनव्हेंट’ असा शब्दच बनवला होता. म्हणजे हे आधीही कुणाला सुचलं असेल, मी फक्त उकरून काढलं. लिटरेचर रिव्ह्यू करताना हा शब्द जवळ ठेवा. दावा लहान करायची सवय लागते.

माझा दावा लहानच होता. सुलट टाक्यांच्या जमिनीवर उलट टाक्यांच्या रेघांनी शंकरपाळ्या काढायच्या, आणि त्या चौकोनात अशा बसवायच्या की कडेला एकही अर्धी तुटणार नाही. गणिताच्या वहीच्या चौकटींवर आठ टाके रुंद, आठ ओळी उंच अशी शंकरपाळी काढली. कागदावर झकास दिसत होती. विणल्यावर ती चपटी झाली, कुणीतरी वर बसल्यासारखी.

कारण साधं आहे. वहीतली चौकट चौरस असते, टाका चौरस नसतो. माझ्या हाताने त्या लोकरीत १० सेंमीमध्ये २० टाके बसतात, पण ओळी २८ बसतात. म्हणजे आठ टाके ४ सेंमी रुंद होतात आणि आठ ओळी जेमतेम २.९ सेंमी उंच. शंकरपाळी १२ ओळींची केली तर उंची ४.३ सेंमी येते, ती डोळ्यांना बरोबर वाटते. मग हिशेब छान जमतो. रुंदीला ४० टाके घ्यायचे, दोन्ही बाजूंना चार-चार काठाचे सोडले की ३२ उरतात, म्हणजे चार शंकरपाळ्या. उंचीला ५६ ओळी, वर-खाली चार-चार सोडून ४८, म्हणजे पुन्हा चारच. एकूण सोळा. काठाचे टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवायचे, नाहीतर नुसती सुलट-उलट वीण कडेने वळकटी होते आणि शिवणारीचे हाल होतात.

पण हा हिशेब मला नंतर कळला. पहिल्यांदा मी नमुना विणून मोजला तो फक्त ३ सेंमीत. साडेसहा टाके मोजले, खरे सहाच होते. अर्ध्या टाक्याची चूक, काय फरक पडतो? बघा, पडतो. साडेसहाने २० सेंमीला ४३ टाके लागतात असं दिसलं, म्हणून काठ जाड करून मी ४४ घातले. चौकोन झाला २२ सेंमीचा. हीच अर्ध्या टाक्याची चूक १० सेंमीत केली असती तर उत्तर ४१ आलं असतं, आणि ते खपून गेलं असतं. चूक तेवढीच असते, ती किती फुगेल हे तुम्ही किती लांबीवर मोजलं त्यावर ठरतं. पायलट स्टडी ‘उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मी असे सहा चौकोन विणून मोठ्या ऐटीत जोडणाऱ्या काकूंकडे नेले. त्यांनी एक हातात घेतला, उलटा केला, बाकीच्यांवर ठेवून पाहिला. ‘छान आहे गं. पण हा बसवू कुठे?’

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर खरोखरच तो प्रश्न होता. बाजूचा चौकोन २० चा, माझा २२ चा. चुण्या घालून शिवला तर तिथे गाठोडं होतं, ताणून शिवला तर शेजारचा फाटतो. सहाही उसवावे लागले, आणि त्या आठवड्यात एक पांघरूण सहा चौकोनांसाठी अडून राहिलं. थंडीचे दिवस होते.

क्रोशावाल्यांचा प्रश्न वेगळा, आणि मला तो जास्त आवडतो. मधून सुरू करून फेऱ्यांनी चौकोन वाढवायचा असेल तर दर फेरीत किती टाके वाढवायचे? फेरीची उंची एक धरा. प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना एक-एक वाढते, चार बाजू, म्हणजे परिघ आठ उंचींनी वाढतो. मुका खांब साधारण जितका उंच तितकाच रुंद, म्हणून फेरीला आठ टाके, कोपऱ्याला दोन. खांब दुप्पट उंच, म्हणून सोळा, कोपऱ्याला चार. आजी जे तोंडपाठ करून घ्यायची त्याच्यामागे हे आहे. कमी वाढवलेत तर वाटी होते, जास्त वाढवलेत तर झालर. आणि झालर म्हणजे नेहमी चूकच असंही नाही हं! कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये मुद्दाम जास्त टाके वाढवत नेऊन हायपरबोलिक भूमितीचं हातात धरता येईल असं मॉडेल विणलं. पांघरुणात जी बिघाड ठरली असती, तीच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होती.

हा आठाचा नियम कळला की नक्षी करायला मोकळीक मिळते. मधे गोल फूल हवंय? गोलाला दर फेरीत आठाऐवजी सव्वासहा उंची पुरतात. मग त्याचा चौकोन करताना लक्षात ठेवा, कोपरा मध्यापासून बाजूपेक्षा १.४ पट लांब असतो. तिथे उंच टाके आणि बाजूच्या मधोमध बुटके. रेसिपी पाठ असणाऱ्याला हे सुचत नाही, कारण माहीत असणाऱ्याला सुचतं.

आणखी काही गोष्टी मी वापरणाऱ्याकडे बघून शिकले. जाळीच्या मोठ्या भोकांत लहान मुलांची बोटं अडकतात. दोन रंगांच्या नक्षीत मागे मोकळे राहणारे धागेही तसेच. पांघरुणाला मागची बाजू नसते, दोन्ही पुढच्याच. शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते, अ‍ॅक्रिलिक आटत नाही, म्हणून दोन्ही एकाच पांघरुणात आले की पहिल्या धुण्यातच भांडण. माझ्या शंकरपाळ्या या परीक्षेत पास झाल्या, मागून त्या बुडालेल्याऐवजी उठून दिसतात इतकंच.

शेवटी नमुना लिहून मी एका मैत्रिणीला विणायला दिला. तिचा हात घट्ट, तिचा चौकोन १८.५ भरला. सूचना बरोबर पाळूनही! तेव्हा लक्षात आलं की मी पद्धत लिहिलीच नव्हती, फक्त माझ्या हाताचे आकडे लिहिले होते. आता माझ्या कागदावर पहिली ओळ ‘४० टाके घाला’ अशी नाही. ती अशी आहे: ‘नमुना विणा, १० सेंमीत टाके मोजा. २० पेक्षा जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक, आणि पुन्हा मोजा.’ मैत्रिणीने एक नंबर जाड सुई घेतली. दुसरा चौकोन २० भरला. शेवटी ५० सेंमी धागा शिवायला सोडायचा हे ती विसरली होती, तेही मग कागदावर आलं. काकूंनी तो चौकोन तिसऱ्या रांगेत, कडेला बसवला.