तांदुळांतील सोमल : भात खावा कीं सोडावा?

तांदुळांत सोमल असतो, सबब मुलांबाळांस भात देणें धोक्याचें आहे, असा मजकूर गेल्या कांहीं वर्षांत वर्तमानपत्रांतून वरचेवर येऊं लागला आहे. मजकूर खोटा नाहीं. पण तो बहुधा अर्धाच असतो. त्यामुळें कांहीं घरीं भात अजिबात बंद करण्यापर्यंत गोष्ट जाते, तर कांहीं घरीं ‘आमच्या आजोबांनीं जन्मभर भातच खाल्ला’ एवढें म्हणून सारा प्रश्नच झटकून टाकण्यांत येतो. ज्यास गहूं-ज्वारी विकत घेण्याची सोय आहे, त्यानें भात सोडला तर त्याचें फारसें अडणार नाहीं. परंतु कोंकणपट्टींत, मावळांत, किंवा भंडारा, गोंदिया व गडचिरोलीकडे ज्याच्या खाचरांत पावसाळ्यांत भाताशिवाय दुसरें पीक तग धरीत नाहीं, त्याच्या पोटाशीं हा प्रश्न येऊन भिडतो. शिवाय जो भात तो पिकवितो, तो दुसऱ्याच्या ताटांतही जातो. आमचें मत प्रथमच सांगून टाकतों : भात सोडण्याचें कारण नाहीं, मात्र तो कोणत्या पाण्यावर पिकला व कोणत्या पाण्यांत शिजला, याची चौकशी प्रत्येक घरानें केली पाहिजे.

सोमल, ज्यास रसायनशास्त्रांत आर्सेनिक म्हणतात, तो कोणी आणून टाकलेलाच असतो असें नाहीं. तो खडकांत आहे, मातींत आहे, आणि थोडाबहुत सर्वच अन्नांत आहे. त्याचे दोन प्रकार ध्यानांत ठेवावे. एक सेंद्रिय, तो मासळींत पुष्कळ असतो व बहुधा बाधत नाहीं. दुसरा निरिंद्रिय; घातक तो हाच, आणि आपल्या आशिया खंडांतील तांदुळांत मोठा वांटा याचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था त्यास मनुष्यांत कर्करोग निश्चितपणें उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घालते. थोड्या थोड्या प्रमाणांत पोटांत गेलेला सोमल विषप्रयोगासारखा झटपट काम करीत नाहीं. वर्षांमागून वर्षें जातात. मग अंगावर काळे-पांढरे ठिपके उठतात, तळहात व तळपाय राठ होऊन त्यांवर गांठी येतात, आणि कित्येकांस पुढें त्वचेचा, मूत्राशयाचा किंवा फुफ्फुसाचा कर्करोग जडतो. या दिरंगाईमुळेंच मनुष्य गाफील राहतो.

आतां सर्व धान्यांत भातावरच हा आरोप कां? गहूं किंवा जव यांच्या मानानें भाताचें पीक सुमारें दसपट सोमल उचलतें, याचें कारण खाचरांत सांचलेलें पाणी. कोरड्या जमिनींत सोमल लोहाच्या गंजास घट्ट चिकटून बसलेला असतो. खाचरांत पाणी तुंबलें म्हणजे मातींतील हवा संपते, गंज विरघळूं लागतो, व त्याला धरून बसलेला सोमल पाण्यांत मोकळा होतो. असा मोकळा झालेला सोमल रूपानें सिलिकेसारखा असतो. आणि भाताच्या रोपास तर काडी ताठ राहण्यासाठीं सिलिका भरपूर लागते. जपानी संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं, ज्या वाटेनें मुळें सिलिका आंत घेतात, त्याच वाटेनें सोमलही आंत शिरतो. घराचा दरवाजा पाहुण्यासाठीं उघडावा आणि त्याच्या पाठोपाठ चोरानें आंत यावें, तसाच हा प्रकार होय.

या संकटाचें खरें घर बंगाल आहे. तेथें पूर्वीं लोक तळ्यांचें व नद्यांचें पाणी पीत, व पटकी आणि अतिसार यांनीं मुलें दगावत. म्हणून १९७० नंतरच्या दशकांत युनिसेफच्या साह्यानें बांगला देशांत उथळ नळविहिरी मोठ्या प्रमाणावर खणण्यांत आल्या. हेतु उत्तम होता. त्या पाण्यांत रोगजंतु नव्हते. पण गंगा व ब्रह्मपुत्रा यांनीं हिमालयांतून आणलेल्या कोवळ्या गाळांतील सोमल होता, आणि तो कोणी तपासला नव्हता. १९८३ सालीं कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनीं पश्चिम बंगालमधील रोग्यांच्या कातडीवरील ठिपक्यांचें मूळ विहिरीच्या पाण्यांत असल्याचें ओळखलें. बांगला देशांत ही गोष्ट १९९३ सालीं सिद्ध झाली. पुढें तेथें सुमारें पन्नास लक्ष नळविहिरी तपासण्यांत आल्या. ज्यांत सोमल मर्यादेबाहेर निघाला त्यांच्या तोट्या तांबड्या रंगविल्या, बाकीच्यांच्या हिरव्या. जवळजवळ तीन विहिरींमागें एक तांबडी ठरली.

येथें शेतकऱ्यानें एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. रंग लागला तो पिण्याच्या विहिरींस. शेतास पाणी देणारे पंप चालूच राहिले. बंगालमधील बोरो भात, म्हणजे हिवाळ्यांत लावून उन्हाळ्याच्या तोंडीं काढावयाचा भात, हा बव्हंशीं याच उथळ नळविहिरींवर पिकतो. हिशोब अगदीं सोपा आहे. बोरो भातास हंगामांत सुमारें एक मीटर उंचीचें पाणी लागतें. एका एकरास हें चाळीस लक्ष लिटर होतें. लिटरमागें सोमल १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, धरला तरी प्रत्येक हंगामांत एकरीं ४०० ग्रॅम सोमल जमिनींत पडतो. पावसाळी पुरानें त्यांतील कांहीं वाहून जातो, हें खरें. बाकीचा सांठत राहतो, आणि पाण्याच्या पाटाचें तोंड जेथें असतें तेथें सर्वांत अधिक सांठतो. बांगला देशांतील फरीदपूर भागांत एकाच पंपाखालील शेतांचा अभ्यास झाला व तो २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जेथें जमिनींत सोमल कमी होता तेथें हेक्टरीं ७ ते ९ टन भात आला. जेथें सांठला होता तेथें तोच उतारा २ ते ३ टनांवर आला. सोमल खाणाऱ्याचा जीव घेतो हें सर्वांस ठाऊक आहे. तो पिकविणाऱ्याची जमीनही खातो, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. पेंढ्यांत तर दाण्याच्या कितीतरी पट सोमल राहतो, व तो पेंढा गुरांपुढें पडतो.

पावसावर पिकणाऱ्या अमन भातांत बोरोपेक्षां सोमल सामान्यतः कमी आढळतो. जमीन तीच, शेतकरी तोच, फरक पाण्याचा.

सोमल पाण्याच्या वाटेनेंच येतो असेंही नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापसाच्या बोंडांतील भुंगेऱ्यावर पूर्वीं सोमलाचीं औषधें मारीत. पुढें त्याच जमिनींत भात लावला, तेव्हां कित्येक ठिकाणीं लोंबी दाणा न भरल्यामुळें वांकेना. ताठ उभीच राहिली. औषध मारणारा हात केव्हांच थांबला होता, जमीन मात्र विसरली नव्हती.

आतां किती सोमल चालेल? अन्न व कृषि संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त कोडेक्स मंडळानें २०१४ सालीं पॉलिश केलेल्या तांदुळास किलोमागें ०.२ मिलिग्रॅम निरिंद्रिय सोमल ही मर्यादा घातली. युरोपीय संघानें २०२३ सालीं ती ०.१५ वर आणली. हे आंकडे पाहून पुष्कळांचें समाधान होतें. आमचें होत नाहीं. पिण्याच्या पाण्यास जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागें १० मायक्रोग्रॅम आहे. उन्हांत राबणारा मनुष्य दिवसास तीन लिटर पाणी प्याला, तर त्या मर्यादेवरील पाण्यांतून त्याच्या पोटांत ३० मायक्रोग्रॅम जातील. तोच मनुष्य दोन वेळचा मिळून ४०० ग्रॅम तांदूळ खाईल व तांदूळ कोडेक्सच्या मर्यादेवरचा असेल, तर त्यांतून ८० जातील. जो आठवड्यांतून दोनदां चवीपुरता भात खातो, त्यास ही मर्यादा पुरेशी आहे. दोन्ही वेळां भातच खाणाऱ्यास ती सैल पडते. शिवाय याच दोन संघटनांच्या तज्ज्ञमंडळानें आपली सोमलाची जुनी साप्ताहिक मर्यादा पुरेशी सुरक्षित नाहीं असें ठरवून २०१० सालीं मागें घेतली आहे. म्हणून मर्यादेच्या आंत आहे एवढ्यावर न थांबतां, सहज करतां येईल तेवढें प्रमाण उतरवावें हेंच शहाणपणाचें.

आणि तें चुलीपाशीं बरेंच उतरवितां येतें. तांदूळ पाणी निवळ निघेपर्यंत धुवून, सहापट पाण्यांत शिजवून, वरचें पाणी वेळून काढण्याची जी बंगाली रीत, तीच आपल्या कोंकणांतील जुनी रीत. पश्चिम बंगालमध्यें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या रीतीनें तांदुळांतील ५७ टक्क्यांपर्यंत सोमल निघून गेला. इंग्लंडांतील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं निराळी युक्ति सांगितली : तांदूळ चौपट उकळत्या पाण्यांत पांच मिनिटें ठेवून तें पाणी ओतून द्यावें, आणि मग नव्या दुप्पट पाण्यांत मंद आंचेवर तें सर्व मुरेपर्यंत शिजवावा. पांढऱ्या तांदुळांतील ७३ व कोंड्यासहित तांदुळांतील ५४ टक्के सोमल यांत निघाला. प्रेशर कुकरांत बेताच्याच पाण्यांत शिजविलेल्या भातांतून मात्र कांहीं बाहेर जात नाहीं, कारण पाणी सर्व दाण्यांतच मुरतें. कुकर टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. सकाळच्या घाईंत तो सोडणें कोणत्याही गृहिणीस परवडणार नाहीं. पण वरील पांच मिनिटांची उकळी आधीं देऊन मग कुकर लावण्यास हरकत नसावी.

यांत दोन मेख आहेत. एक, शिजविण्याचें पाणी स्वच्छ पाहिजे. सोमलाच्या पाण्यांत भात शिजविला तर सोमल निघण्याऐवजीं दाण्यांत भरतो, आणि पाणी जितकें अधिक तितका अधिक भरतो. दुसरी, वेळलेलें पाणी, ज्यास कित्येक ठिकाणीं पेज म्हणतात, तेंच मीठ घालून मुलांस व आजाऱ्यांस पाजण्याची चाल आहे. भातांतून गेलेला सोमल गेला कोठें? त्या पेजेंत. जेथें तांदूळ संशयित आहे तेथें पेजेची कपड्यांस खळ करावी. मुलास पाजूं नये. वेळण्यानें जीवनसत्त्वेंही थोडीं जातात, हा तोटा पत्करावा लागतो. डाळ व भाजी ताटांत असली म्हणजे तो भरून निघतो.

हातसडीच्या तांदुळाविषयींही येथें स्पष्ट बोललें पाहिजे. जावा बेटांत डॉ. आयकमान यांनीं गेल्या शतकापूर्वींच्या अखेरीस पॉलिशच्या तांदुळानें कोंबड्यांचे पाय लुळे पडतात हें पाहिलें, तेव्हांपासून कोंड्याचें महत्त्व जगास पटलें आहे, व तें खरेंच आहे. पण सोमलही कोंड्यांतच अधिक असतो. पावसावर पिकलेला घरचा तांदूळ असेल तर हातसडीचा खुशाल खावा. संशयित नळविहिरीवरचा असेल, तर पांढराच बरा.

वर्षाच्या आंतील मुलास तिन्ही त्रिकाळ केवळ तांदुळाची खिमट देणें मात्र बंद करावें. मूल आपल्या वजनाच्या मानानें मोठ्या माणसापेक्षां कितीतरी अधिक खातें. युरोपांत २०१६ पासून लहान मुलांच्या अन्नासाठीं असलेल्या तांदुळास किलोमागें ०.१ मिलिग्रॅमची निराळी मर्यादा लागू झाली, ती याच कारणानें. आपल्याकडे नाचणीचें सत्त्व घरोघर माहीत आहे. तें आणि भात यांची पाळी लावावी.

शेतांतील उपाय विचाराल, तर खाचरांत सतत पाणी न तुंबवितां तें आळीपाळीनें आटूं देऊन पुन्हां भरणें, हा मुख्य होय. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेनें सांगितलेल्या रीतींत जमिनींत भोंकांची नळी पुरून ठेवतात, आणि तींतील पाणी जमिनीखालीं १५ सेंटीमीटर गेलें म्हणजे पुन्हां पाणी देतात. फुलोऱ्यांत मात्र ताण देत नाहींत. यानें पाणी वांचतें व सोमलही घटतो. परंतु जमीन कोरडी होऊं लागली कीं कॅडमियम नांवाचें दुसरें विष मोकळें होतें, विशेषतः आंबट जमिनींत. आणि कोंकणची जांभी जमीन आंबटच आहे. कॅडमियम खाणींच्या पाण्यांतून, शहराच्या मैल्यांतून व कांहीं स्फुरद खतांतून येतें. जपानांत तोयामा प्रांतीं जिंझू नदीच्या कांठीं कामिओका खाणीचें पाणी भातखाचरांत शिरलें, व तो भात खाणाऱ्या बायकांचीं हाडें साध्या खोकल्यानेंही मोडूं लागलीं. सरकारनें १९६८ सालीं या रोगाचें कारण मान्य केलें. जपान्यांनीं भात सोडला नाहीं. त्यांनीं शेतांची माती बदलली, आणि तें काम २०१२ पर्यंत चाललें.

आपल्या प्रांतीं स्थिति बरी आहे. कोंकणांतील व मावळांतील भात मुख्यतः पावसावर, आणि भंडाऱ्याकडील पुष्कळसा मालगुजारी तलावांवर होतो. बंगालसारखा नदीचा कोवळा गाळ येथें नाहीं. परंतु पूर्वेच्या टोंकास निर्धास्त राहूं नये. गोंदिया व गडचिरोली यांना लागून असलेल्या छत्तीसगडांत, जुन्या राजनांदगांव जिल्ह्याच्या अंबागड चौकी भागांत, कौडीकसा व आसपासच्या गांवांच्या विहिरींत सोमल असल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. तो तेथील जुन्या खडकांतून येतो. खडक जिल्ह्याची हद्द पाळीत नाहींत. त्या बाजूस ज्यांनीं उन्हाळी भातासाठीं बोअर मारले आहेत, त्यांनीं पाणी एकदां तपासून घ्यावें. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेंत नेहमींच्या तपासणींत क्षार व जडपणा पाहतात. सोमलाची तपासणी पाहिजे असें अर्जांत मुद्दाम लिहावें. बाटली प्रयोगशाळेचीच मागून घ्यावी, व पंप दहा मिनिटें चालवून मग ती भरावी.